लाठीलाही कायद्याचं माप आहे

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, करडीसारख्या गावात ठाणेदार ओळखीचे असतात, बीट जमादारांना नावानं हाक मारता येते. तरी पोराला रात्री उचलून नेलं की घरचे ठाण्याच्या दाराशी जायला धजत नाहीत. ‘पोलिसांनी मारलं तर मारलं, त्यांना तो हक्कच आहे’ हे मनात पक्कं बसलेलं असतं. असा हक्क कुठल्याही कायद्यात नाही. अटकेला कोणी विरोध केला किंवा पळू लागला, तर त्याला ताब्यात घेण्यापुरतं बळ वापरायची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये आहे. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडू नये, असं कलम 46 सांगतं. निमूटपणे गाडीत बसलेल्या माणसाच्या पाठीत बसणारी काठी यातल्या कशातच येत नाही.

‘मार पडल्याशिवाय चोर कबूल होत नाही’ हा समज तर चांगली शिकलेली माणसंही बाळगतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 हेच सांगत होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं 23 सांगतं. तिच्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग वापरता येतो. उलट कबुलीसाठी मारणं हाच गुन्हा आहे: न्याय संहितेच्या कलम 120 नुसार 7 वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असेल तर 10 वर्षांपर्यंत कैद.

‘मोर्चा आवरायचा तर लाठी चालणारच’ असं म्हणणाऱ्यांनी 23 नोव्हेंबर 1994 आठवावा. त्या दिवशी नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला विदर्भभरातून गोवारी समाज आला होता, त्यात भंडाऱ्याकडचीही माणसं होती. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण गेले. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला, चौकशी आयोगही बसला. लाठी किती जोरात बसली एवढ्यावरच अशा वेळी सगळं ठरत नाही. गर्दीला मागे सरकायला वाट आहे का, हे आधी पाहावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 नुसारही आधी पांगण्याचा हुकूम द्यायचा, बळ त्यानंतर, आणि तेही पांगवण्यापुरतंच. पळणाऱ्याच्या मागे धावून मारणं म्हणजे शिक्षा देणं झालं, आणि शिक्षा देणं कोर्टाचं काम आहे.

‘एकदा आत गेला की आपल्या हातात काही नाही’ हेही खरं नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली जे ठरवून दिलं, ते घरच्यांनी मागायचंच असतं. अटकेच्या मेमोवर तारीख आणि वेळ हवी, घरच्या किंवा गावातल्या एका साक्षीदाराची सही हवी. अटकेची खबर नातेवाइकाला द्यायलाच हवी. सरकारी डॉक्टरकडून तपासणी झाली की अहवालाची प्रत मागा. अंगावरच्या जुन्या खुणा त्यात नोंदलेल्या असतील, तर नंतरच्या नव्या वळांचा हिशोब लागतो. 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. मार बसला असेल तर पीसीआर (पोलीस कोठडी) मागितला जातो त्याच वेळी, तिथेच तोंड उघडून सांगावं. वकिलानं ते लेखी द्यावं. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण 18 महिने जपावं, असंही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये बजावलं आहे. त्यामुळे ते जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी करावा.

‘कोठडीत माणूस मेला तरी पोलिसांचं काही होत नाही’ असंही म्हटलं जातं. पण परभणीचा कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. आईनं पाठपुरावा सोडला नाही, आणि जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवायला लावला. अशा मृत्यूची चौकशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 नुसार मॅजिस्ट्रेटनंच करायची असते.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. राज्य मानवाधिकार आयोगाकडेही जाता येतं, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत.