तीन पर्वतांचे एक छप्पर

जपानच्या होन्शू बेटाच्या ईशान्येस, यामागाता प्रांतात, हागुरो, गास्सान आणि युदोनो असे तीन पर्वत असून त्यांना मिळून 'देवा सान्झान' म्हणतात; 'देवा' हे त्या मुलखाचे जुने नाव, आपल्या देवाशी त्याचे नाते नाही. पैकी गास्सान १,९८४ मीटर उंच. तेथे हिमवर्षाव इतका प्रचंड की शिखरावरचे देवस्थान उन्हाळ्याचे काही आठवडेच यात्रेकरूंस खुले असते. उरलेल्या काळात नित्यपूजेचा बंदोबस्त कसा राखावा, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर म्हणजे अवघ्या ४१४ मीटर उंचीच्या हागुरोच्या माथ्यावरील 'सान्जिन गोसाइदेन', अर्थात तिन्ही पर्वतदेवतांचे संयुक्त मंदिर.

प्राचीन देवदारसदृश वृक्षांच्या राईतून, पाचमजली लाकडी पॅगोड्यावरून, २,४४६ दगडी पायऱ्या चढून गेल्यावर दिसते ते १८१८ साली उभारलेले भव्य मंदिर, आणि त्यावरचे दोन मीटरांहून अधिक जाडीचे गवती शाकार. समोरच्या तळ्यात भाविकांनी शतकानुशतके अर्पण केलेले कांस्याचे आरसे शेकड्यांनी सापडले आहेत.

या क्षेत्राचे आद्यत्व परंपरा राजपुत्र हाचिको याला देते. पिता सम्राट सुशुन याची ५९२ मध्ये हत्या झाल्यावर तो उत्तरेकडे निघून आला आणि तीन पायांच्या कावळ्याने त्यास हागुरोची वाट दाखविली, अशी आख्यायिका आहे. पुढे शंख फुंकीत डोंगर पालथे घालणाऱ्या 'यामाबुशी' तपस्व्यांनी या पर्वतदेवतांत अवलोकितेश्वर, अमिताभ आणि वैरोचन यांची रूपे पाहिली. १८६८ नंतर मेइजी सरकारच्या हुकुमाने शिंतो व बौद्ध उपासनांची फारकत झाली आणि मंदिर शिंतोंकडे गेले. दप्तरी संप्रदाय बदलला. छप्पर मात्र तेच राहिले.

तथापि या एकत्र मंदिराने मूळ पर्वतांचे माहात्म्य रेसभरही उणे झालेले नाही. युदोनोवर तर मंदिरच नाही. ऊन पाणी पाझरणारा तांबूस खडक हेच तेथील दैवत, त्याच्या दर्शनास अनवाणी जावे, आणि पाहिले ते कोणास सांगू नये, असा दंडक. १६८९ साली तेथे गेलेल्या कविवर्य बाशोनेही तो मानून लेखणी खाली ठेविली होती.