अंड्याभोवतीचा बंदोबस्त

मलकापूरहून कऱ्हाड मागे टाकून, कोयनेच्या काठाने पाटणाकडे जाणारा आणि कुंभार्ली घाटाने चिपळुणात उतरणारा रस्ता ज्या रत्नागिरी जिल्ह्यात शिरतो, त्याच जिल्ह्यातील गिमवी नावाच्या खेड्याने १९५२ साली वैद्यकाच्या दप्तरात जी नोंद करविली, तिची खबर, मलकापुरात वैद्यकीय महाविद्यालय नांदत असूनही, आम्हा घाटावरच्या सामान्य वाचकांना क्वचितच असते. थिओडोर बिल्हार्झ यांना १८५१ साली कैरो येथे आढळलेला, मूत्रावाटे रक्त पाडणारा शिस्टोसोमा हा कृमी तत्कालीन मुंबई राज्यातील या गावीही ठाण मांडून असल्याचे गाडगीळ व शहा यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केले. आणि पुढे १९५५ साली, फेरिसिया टेन्युइस या चिमुकल्या, टोपीसारख्या शिंपल्याच्या गोगलगाईत त्याचे जीवनचक्र पुरे होते, असेही त्यांनी मांडले.

गोगलगाईतून पाण्यात उतरलेले अर्भक माणसाची त्वचा भेदून आत शिरते, आणि वयात आलेली नरमादीची जोडी मूत्राशयाच्या नीलांत वर्षानुवर्षे सुखेनैव राहते. रक्तातला पहारा इतका कडक असताना हे घडते कसे? स्मिदर्स आणि टेरी यांनी याच कृमीच्या एका भगिनी-जातीवर केलेल्या प्रयोगांत त्याचे उत्तर सापडले. उंदरात वाढलेले कृमी साध्या माकडात सोडले तर जगत. पण उंदराच्या रक्तपेशींविरुद्ध ज्या माकडांत प्रतिपिंडे आधीच निर्माण केली होती, त्यांच्यात ते नष्ट होत. कृमीने यजमानाचेच रेणू अंगावर पांघरलेले असतात, हा त्याचा अर्थ. गंमत अशी की, जुने बिऱ्हाड असे निर्धास्त असता, मागाहून येणारी अर्भके मात्र शरीर बऱ्याच अंशी वाटेतच गारद करते. प्रतिकाराचा लाभ आधी आलेल्या कृमीलाच!

अंड्यांना मात्र असले पांघरूण नसते. मूत्राशयाची भिंत ओलांडून जी बाहेर पडत नाहीत ती तेथेच अडकतात, त्यांतून प्रथिने पाझरतात, आणि मग शरीराचा सारा सरंजाम हलतो: साहाय्यक टी-पेशींच्या दुसऱ्या फळीतून इंटरल्यूकिन-४ व ५ सुटतात, त्यांपैकी पहिल्याच्या प्रेरणेने आयजीई प्रतिपिंडे तयार होतात, दुसऱ्याच्या हुकमाने अस्थिमज्जेतून इओसिनोफिल पेशी धावून येतात, आणि भक्षकपेशींसह सर्व मिळून अंड्याभोवती गाठ वळतात. गाठीमागून तंतू, तंतूंमागून चुना. मूत्राशयाची भिंत जाड व ताठर होते. म्हणजे रोग्याचे दुखणे बव्हंशी या बंदोबस्ताचेच होय. तरीही त्याला दोष देण्याची घाई मी करणार नाही, कारण भगिनी-जातीने बाधित झालेले, इंटरल्यूकिन-४ न बनविणारे उंदीर झिजून लवकर मरतात.

प्राझिक्वाँटेल हे औषध कृमीचे आवरण उसवते, आणि उंदरांत तरी पुढचे काम यजमानाची प्रतिपिंडेच पुरे करतात. अडकलेल्या अंड्यांभोवतीच्या गाठी मात्र कृमी मेल्यावरही काही काळ तशाच राहतात.