झिपलाइनच्या टोकाला काय असतं?

झिपलाइनचा वायर रोप अधेमधे जोडायचा नसतो. सांध्यावर कप्पी अडकेल. दोर अखंडच घ्यायचा. खरं कसब लागतं ते टोकांना. तिथे दोर थिंबल नावाच्या पन्हळीदार लोखंडी कड्याभोवती वळवतात, म्हणजे तारा चेमटत नाहीत, आणि परतलेलं टोक यू-क्लिपांनी आवळतात.

इथली एक चूक फार घातक आहे: क्लिप उलटी बसवणं. क्लिपचं जाड, खाचांचं बूड ताण झेलणाऱ्या दोरावर हवं आणि ‘यू’चा दांडा मोकळ्या टोकावर. उलट झालं की दांडा भार पेलणाऱ्या तारांमध्येच रुततो. एक सुलटी, एक उलटी असं आलटूनपालटून लावणंही तितकंच चूक.

अर्धा इंची दोराला किमान 3 क्लिपा लागतात, दोन क्लिपांमध्ये दोराच्या जाडीच्या निदान सहापट अंतर. सगळं बिनचूक जमलं तरी हा सांधा दोराच्या ताकदीच्या सुमारे 80 टक्केच पेलतो. शिवाय भार आला की दोर ताणून बारीक होतो आणि क्लिपा सैलावतात. म्हणून पहिल्या भारानंतर टॉर्क रेंचने नट पुन्हा आवळायचे, पुढेही ठरावीक काळाने तपासायचे. आणि बिडाच्या स्वस्त क्लिपा माणसांचा भार पेलणाऱ्या दोराला लावूच नयेत. फोर्ज केलेल्या पोलादाच्याच घ्याव्यात.