वंशावळीत एकच माणूस दोन ठिकाणी : नागपूरकर भोसल्यांचा वारसा कसा वाचायचा?

मालेगावहून वाशिमला कामानिमित्त तुमचं जाणं होतच असेल. तिथलं बालाजीचं देऊळ आणि तळं बांधणारे भवानी काळू हे साबाजी भोसल्यांचे दिवाण होते, हेही तुम्ही ऐकलं असेल. आता नागपूरच्या भोसले राजांची कुठलीही छापील यादी काढा. रघुजी पहिले, जानोजी, मग बहुतेक ठिकाणी थेट रघुजी दुसरे. मग साबाजी कुठे गेले? कधी कंसात सापडतात, कधी गाळलेलेच असतात. घराण्यावर संशोधन करायचं मनात असेल, तर या गाळलेल्या नावापासूनच सुरुवात करू.

रघुजी पहिले 1755 मध्ये वारले. मुलगे चार : जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. वयाने थोरले जानोजी, पण ते आणि साबाजी धाकट्या राणीचे. मुधोजी आणि बिंबाजी थोरल्या राणीचे. मग थोरला कोण म्हणायचा, वयाने मोठा की थोरल्या राणीचा? दोन्ही बाजूंना आधार होता, त्यामुळे निकाल पुण्यात लागला. पेशव्यांनी जानोजींना ‘सेनासाहेबसुभा’ आणि मुधोजींना ‘सेनाधुरंधर’ हा किताब दिला. मुलूखही वाटला गेला : मुधोजींकडे चांदा, बिंबाजींकडे छत्तीसगड, साबाजींकडे वऱ्हाडात दारव्हा.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. सेनासाहेबसुभा हा किताब शाहू महाराजांनी या घराण्याला दिलेला. तो पिढ्यान् पिढ्या घरात चालला खरा, पण दर पिढीला त्याची वस्त्रं नव्याने यावी लागायची. म्हणजे रक्ताचं नातं तुम्हाला दावेदार करायचं, किताब मात्र वस्त्रांनी मिळायचा. या दोन गोष्टींचे कागदही वेगवेगळे असतात. नातं वंशावळीत आणि बखरीत सापडतं, किताब सनदेत आणि पुण्याच्या पत्रव्यवहारात.

जानोजींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघुजी याला वारस ठरवलं आणि 1772 मध्ये ते वारले. म्हणजे वंशावळीत रघुजी दोन जागी येतो. रक्ताने तो मुधोजींच्या खाली, दत्तक म्हणून जानोजींच्या खाली. त्याचा जन्मदाता बाप जिवंत, कर्ता आणि स्वतः जुना दावेदार. मुलगा लहान, म्हणजे कारभार बापाच्या हाती जाणार, हे उघड होतं. साबाजींना ते मान्य होणं शक्यच नव्हतं, कारण जानोजींचे सख्खे भाऊ तेच. जानोजींची विधवा दर्याबाईही आधी साबाजींच्या बाजूने उभी राहिली. त्यात पुण्यात माधवराव गेले, 1773 मध्ये नारायणरावांचा खून झाला, आणि पुण्यात ज्याची सरशी त्याच्या मर्जीप्रमाणे नागपूरची मान्यता इकडून तिकडे झुलत राहिली.

26 जानेवारी 1775 रोजी नागपूरजवळ पाचगावला दोघे भाऊ लढले आणि साबाजी मारले गेले. त्यानंतर रघुजी दुसरे निर्विवाद सेनासाहेबसुभा झाले, मुखत्यारी मुधोजींकडे आली. याद्या या निकालावरून मागे जाऊन लिहिल्या गेल्या, म्हणून साबाजी कंसात. यादीत नुसती ‘जानोजी, मग रघुजी’ अशी रेघ वाचली तर मधली तीन वर्षं कळतच नाहीत. आणि भवानी काळू कोणाचे दिवाण, हा प्रश्नही अधांतरी राहतो.

दुसरा सापळा नावांचा. 1818 मध्ये आप्पासाहेबांना काढल्यावर गादीवर आले ते रघुजी तिसरे. नावावरून वाटतं नातू असावेत. नातूच होते, पण मुलीकडून! जन्म गुजर घराण्यात, नाव बाजीबा. दत्तक झाले आणि नाव रघुजी झालं. तेव्हाच्या कागदांत तुम्ही फक्त ‘रघुजी’ शोधत बसलात तर त्यांचं बालपण सापडणारच नाही. (मी स्वतः असा एक आख्खा आठवडा घालवला आहे.) म्हणून टिपणवहीत प्रत्येक माणसासमोर जन्मनाव, दत्तकनाव आणि किताब असे तीन रकाने पाडा.

हे दत्तक विधान इंग्रजांच्या संमतीने झालं होतं. हेच रघुजी 11 डिसेंबर 1853 रोजी निपुत्रिक वारले. राण्यांनी यशवंतरावांना दत्तक घेतलं, नाव जानोजी ठेवलं. डलहौसीने ते राज्याच्या वारशासाठी मानलं नाही आणि 1854 मध्ये नागपूर खालसा केलं. रीत तीच, घर तेच, मधली वर्षं छत्तीस. बदललं ते मान्यता देणाऱ्याचं गरजेचं गणित. 1857 नंतर याच जानोजींना ‘राजेबहादूर देऊर’ हा किताब मिळाला. म्हणजे घराण्याचा वारस म्हणून मान्य, राज्याचा वारस म्हणून अमान्य.

तुलनेसाठी स्कॉटलंड बघा. तिथल्या सरदारी किताबाचा वारसा मूळ सनदेत लिहिलेल्या क्रमाने चालतो आणि दत्तक मुलाला किताब मिळत नाही. मग निपुत्रिक सरदार काय करायचा? किताब राजाकडे परत द्यायचा आणि वारसांचा नवा क्रम लिहून घेऊन पुन्हा स्वीकारायचा. रॉक्सबर्गच्या अर्लने सतराव्या शतकात असंच केलं. त्या सनदेतल्या शब्दांचा अर्थ काय, यावर 1805 नंतर दावेदार भांडले आणि 1812 मध्ये सर जेम्स इनेस ड्यूक ठरले. तिथे वाद सनदेच्या शब्दांवर, आपल्याकडे दत्तकाच्या मान्यतेवर. त्यामुळे तिकडच्या पुस्तकातला वंशवृक्षाचा नमुना उचलून भोसल्यांवर बसवू नका. दत्तकाची तुटक रेघ आणि जन्माची सलग रेघ वेगळी काढा. आणि प्रत्येक रेघेवर ती कोणी, कोणत्या साली मान्य केली, तेही लिहा. साबाजींसाठीही एक चौकट ठेवा, कंसाबाहेर.