खो-खोचे मैदान आणि सारिका काळे

खो-खो हा बिनभांडवली खेळ आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. दोन खांब, फक्कीच्या रेघा, संपले साहित्य. खेळणाऱ्याच्या पोटाचा हिशेब मात्र त्यात धरलेला नसतो. आम्ही जन्मभर मजुरीचेच हिशेब केले, म्हणून आम्हांला तो आधी दिसतो.

धाराशिवच्या सारिका काळे तेराव्या वर्षी मैदानावर आल्या. वडील अपंग, आई शिवणकाम करी. जवळजवळ दहा वर्षे आपण एकवेळच जेवत होतो, असे त्यांनीच पुढे सांगितले. आता हा खेळ पाहा. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत गेल्यावाचून वा खो दिल्यावाचून सुटका नाही. मधली पाटीही त्याने ओलांडायची नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळे. म्हणजे हुलकावणी हेच त्याचे भांडवल. आणि ती अर्धपोटी द्यायची!

२०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खो प्रथमच आला. सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिकाच होत्या. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला. तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या. पदकाचे मोल आम्ही जाणतो, पण महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. तो आधी मिळाला असता तर दोन्ही वेळा चूल पेटली असती.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.