बायकांचा बुद्धिबळाचा सामना

कसारा-कल्याणहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये पुरुषांच्या डब्यात पत्त्यांचा डाव रंगतो. त्याच गाडीत बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते. खेळायची सवड पुरुषांना, बायकांना मात्र गाडीतही काम. हे आपण नेहमी पाहतो. पण बायका खेळायला बसल्या तर? जुलै २०२५ मध्ये जगभरच्या बायकांची बुद्धिबळाची मोठी स्पर्धा झाली. महिला विश्वचषक असे तिचे नाव. आपल्या नागपूरची एक मुलगी तिथे खेळायला गेली होती. अशी स्पर्धा चालते कशी, ते पाहू.

आधी खेळ समजून घ्या. पटावर चौसष्ट घरे असतात. दोघींकडे सोळा-सोळा सोंगट्या. राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. हत्ती सरळ चालतो, उंट तिरपा, घोडा अडीच घरे उडी घेतो. समोरच्या राजाला असे कोंडायचे की त्याला पळायला घर उरू नये. म्हणजे मात झाली. कोणीच कोणाला मात करू शकत नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. जिंकले तर एक गुण, बरोबरीला अर्धा. इथे फासे नाहीत, पत्ते पिसणे नाही. त्यामुळे हरल्यावर नशिबाला बोल लावायची सोय नाही!

पटाशेजारी घड्याळ असते. प्रत्येकीचा वेळ वेगळा मोजतात. चाल केली की कळ दाबायची. आपला वेळ थांबतो, समोरचीचा सुरू होतो. मोठ्या डावात पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटे मिळतात, आणि दर चालीला वर ३० सेकंद. पटावर बाजू भक्कम आहे, पण वेळ संपला, तर डाव गेला. म्हणून डोके चालवायचे आणि घड्याळाकडेही लक्ष ठेवायचे. दूध उतू जाऊ न देता भाकरी थापणाऱ्या बाईला हे निराळे सांगायला नको.

ही स्पर्धा जॉर्जिया देशात, काळ्या समुद्राकाठच्या बाटुमी शहरात झाली. १०७ जणी आल्या होत्या. हरली ती घरी गेली, असा नियम. वरच्या २१ जणींना पहिली फेरी माफ होती. उरल्या ८६. त्यांच्या जोड्या लागल्या आणि ४३ जणी पुढे गेल्या. ४३ आणि २१ मिळून किती? ६४. पटावरच्या घरांइतक्याच! मग ३२, १६, ८, ४ आणि शेवटी दोघी. प्रत्येक जोडीचे दोन डाव होतात. एकदा पांढऱ्या सोंगट्या, एकदा काळ्या, कारण पहिली चाल नेहमी पांढऱ्याची. दोन्ही डावांनंतर गुण सारखे झाले, तर पुढच्या दिवशी कमी वेळाचे झटपट डाव खेळतात.

आता कोणी विचारील, बुद्धीच्या खेळात बायकांची स्पर्धा वेगळी कशाला? प्रश्न बरोबर आहे. बुद्धिबळाला दंडाची ताकद लागत नाही. पण खेळणाऱ्या मुली थोड्या. मुलगा पट मांडून बसला की तो हुशार. मुलगी बसली की भांडी कोण घासणार, असे आपण विचारतो. मग मुली वाढणार कशा? त्यांना जागा मिळावी म्हणून ही वेगळी स्पर्धा. मात्र पुरुषांच्या स्पर्धेचे दारही उघडे हवे. ते उघडायला कोर्टात जावे लागले, आणि ती गोष्ट आपल्या मुंबईचीच आहे.

'नवाकाळ' या मराठी दैनिकाचे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. भारतात बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंतीने जिंकली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. केवढा गहजब झाला! प्रकरण हायकोर्टात गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही ठरवून टाकले की बाई आहे म्हणून कोणालाही स्पर्धेतून अडवता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये रोहिणीने आशियाची महिला स्पर्धा जिंकली.

नागपूरची ती मुलगी म्हणजे दिव्या देशमुख. आईवडील दोघेही डॉक्टर. बाटुमीला गेली तेव्हा वय १९. खेळाडूंच्या यादीत तिचा नंबर पंधरावा होता, म्हणजे ती जिंकेल असे फारसे कोणी धरले नव्हते. तिने चीनची झू जिनर हरवली. मग आपल्याच देशाची हरिका. मग चीनची तान झोंगयी, जी २०१७ मध्ये जगज्जेती झाली होती. शेवटच्या फेरीत समोर आली आंध्रची कोनेरू हंपी. दोघीही भारताच्या! हंपी ३८ वर्षांची, एका मुलीची आई. २००२ मध्ये ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्या जन्मालाही आली नव्हती. ग्रँडमास्टर ही बुद्धिबळातली सर्वांत मोठी पदवी.

२६ जुलैला बरोबरी. २७ जुलैला पुन्हा बरोबरी. २८ जुलैला झटपट डाव, पंधरा-पंधरा मिनिटांचे. पहिला बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या. डाव लांबला. हंपीच्या घड्याळातला वेळ सरत आला आणि घाईत तिच्या हातून चूक झाली. दिव्याने ती पकडली. हंपीने हार मानली. अडीच गुण विरुद्ध दीड गुण. दिव्याला रडू कोसळले आणि तिने आईला मिठी मारली.

एरवी ग्रँडमास्टर व्हायला तीन स्पर्धांत ठरावीक कामगिरी दाखवावी लागते. विश्वचषक जिंकल्यामुळे दिव्याला ती पदवी एकदम मिळाली. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर. त्यांत बायका फक्त चार. बक्षीस ५० हजार डॉलर होते. मात्र ती जगज्जेती झाली, असे समजू नका. विश्वचषकातल्या पहिल्या तिघींना पुढच्या, आठ जणींच्या स्पर्धेत जागा मिळते. त्या आठांत जी पहिली येते, ती जगज्जेतीसमोर पट मांडून बसते.