दुरुस्तीची मुभा

बेंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर, के. आर. पुरमला लागूनच दूरवाणीनगर आहे. १९४८ साली सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची, म्हणजे आयटीआयची, ही वसाहत. इंटरनेटवर ज्ञान मोफत का वाटावे, या प्रश्नाचा विचार इथून सुरू करावा, कारण अटींवर विकत आणलेल्या ज्ञानाचे काय होते हे या कारखान्याने पुरेपूर अनुभवले आहे. १९६४च्या करारानुसार बेल्जियमच्या कंपनीकडून क्रॉसबार एक्स्चेंजचे, म्हणजे फोन जोडून देणाऱ्या यंत्रणेचे, तंत्र इथे आले. युरोपात ते नीट चाले. आपल्याकडे मात्र फोनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, त्यामुळे ज्याला फोन मिळाला त्याच्याकडे आळीतल्या सगळ्यांची ये-जा. एका फोनवर इतके कॉल होतील हे मूळ रचनेत धरलेलेच नव्हते. त्यात धूळ आणि दमटपणा. एक्स्चेंजे रखडू लागली आणि आपल्या अभियंत्यांना ते तंत्र इथल्या परिस्थितीला जुळवून घेण्यात वर्षे घालवावी लागली.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने उलटा रस्ता धरला. वातानुकूलनाशिवाय चालेल असे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तिने देशातच घडवले. बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला १९८६ साली ते बसले. त्याचे तंत्र एकाच कारखान्याकडे न ठेवता अनेक उत्पादकांना दिले गेले. शुल्क घेऊन दिले हे खरे, म्हणजे ही काही खैरात नव्हती. पण माझ्या मते मुद्दा किमतीचा नाहीच. ज्ञान जिथे वापरायचे तिथल्या माणसाला ते उघडून बदलता येते की नाही, हा आहे. इंटरनेटवरच्या मुक्त परवान्यांनी ही मुभा कोणालाही, न विचारता, मिळवून दिली.

मराठीपुरते पाहायचे तर फॉन्ट घ्या. श्रीलिपी, आयएसएम या टंकलेखन प्रणालींच्या काळात एका संगणकावर टंकलेला मजकूर दुसरीकडे उघडला की अगम्य चिन्हांचा ढीग दिसे. प्रत्येक प्रणालीचा सांकेतिक तक्ता वेगळा आणि आपापल्या मालकीचा. युनिकोड या सामायिक तक्त्याच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि तो तक्ता सर्वांना खुला होता. तरीही हिंदीचा विचार करून काढलेल्या फॉन्टांत ‘दऱ्या’मधला र अनेकदा बिघडे, मराठी वळणाचे ल आणि श मिळत नसत. बंद फॉन्टच्या बाबतीत तक्रार करून वाट पाहण्यापलीकडे काही हाती नसे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने खुल्या परवान्यावर दिलेल्या ‘मुक्ता’सारख्या फॉन्टमध्ये मात्र जाणकाराला स्वतः हात घालता येतो आणि सुधारलेली प्रत पुढेही देता येते. क्रॉसबारच्या अभियंत्यांना अशी मोकळीक असती तर!

यावर रास्त आक्षेप आहे: सगळे फुकट दिले तर करणाऱ्याने खायचे काय? पण वाटप मोफत असले म्हणून निर्मिती बिनपगारी असावी लागत नाही. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीवर काम करणारे कितीतरी जण आज कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. के. आर. पुरमपासून व्हाइटफील्डपर्यंतच्या सॉफ्टवेअर धंद्याचा बराचसा डोलारा असल्याच खुल्या पायावर उभा आहे, आणि तो काही बुडालेला नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बड्या कंपन्या हे ज्ञान उचलतात, त्यावर नफा कमावतात, परत काही देत नाहीत. हे घडते. ‘सुधारणाही खुली ठेवा’ अशी अट घालणारे परवाने त्याला थोडा आळा घालतात, पुरता नाही. तरीही कुलूप लावून नुकसान कोणाचे होते? बड्यांना किल्ली विकत घेता येते. तालुक्याच्या शाळेतल्या शिक्षकाला येत नाही.

व्यावसायिक लेखकाने किंवा रचनाकाराने आपले काम विकावे, त्यात गैर काही नाही. पण सरकारी पैशातून होणारे मराठी कोश, पाठ्यपुस्तके आणि फॉन्ट यांची किंमत आपण करातून आधीच मोजलेली असते. ते नुसते वाचायला नव्हे, तर बदलून पुन्हा वाटायलाही खुले असावेत, अशी मागणी वाचकांनी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरावी.